आतून कडी

३ मार्च, मंगळवार

ही वही समुपदेशन केंद्रातल्या बाईंनी दिली. म्हणाल्या, "राग आला की हात उचलायच्या आधी पेन उचला. काय झालं ते जसंच्या तसं लिहा. मी वाचणार नाही." मी म्हटलं, बाई, मी सुतार आहे, बावीस वर्षं पेन्सिल कानावरच आहे. त्या हसल्या नाहीत. दहा बैठकांना यायचंच आहे. तसं चौकीत लिहून दिलंय, त्यामुळे पर्याय नाही.

तर काय झालं ते जसंच्या तसं. जानेवारीत एका संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार मी लावलं. जोरात लावलं, हे मान्य. हिचा हात चौकटीत होता. मनगट दोन ठिकाणी मोडलं. हात तिथं ठेवायला मी सांगितलं नव्हतं, पण हे वाक्य चौकीत कुणी लिहून घेतलं नाही.

एक मात्र नोंदवून ठेवतो. मी दारूच्या थेंबाला शिवत नाही. जे करतो ते शुद्धीत करतो.

ही आणि मुंगी, म्हणजे आमची नऊ वर्षांची कन्या, दोन महिने मेहुण्याकडे आहेत. मुंगी हे नाव मीच पाडलं. लहानपणी जिथं फट दिसेल तिथं शिरायची. कपाटामागे, गादीखाली, कुठंही. आता घर असं शांत आहे की भिंतीवरचं घड्याळ डोक्यात ठोकतं.

५ मार्च, गुरुवार

आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं फोनवर बोलायची परवानगी आहे. काल मुंगीला विचारलं, घरी आलीस की काय हवं? मला वाटलं सायकल म्हणेल. ती म्हणाली, "टेबल. हस्तकलेचं. कागद कापायला, चिकटवायला, रंगवायला."

बावीस वर्षं लोकांची स्वयंपाकघरं सजवतोय आणि स्वतःच्या लेकीला साधी फळी ठोकून दिली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी म्हटलं, बाई माझे, टेबल असं करीन की शेजारपाजार बघायला येईल.

ती म्हणाली, "खाली बसायला जागा पाहिजे. तिन्ही बाजूंनी बंद. आणि पुढे दार."

"दार कशाला गं?"

"घर-घर खेळायला." मग जरा थांबून म्हणाली, "आई पण मावली पाहिजे."

नवऱ्यानं कमवायचं आणि बायकोनं टेबलाखाली भातुकली खेळायची! मी पोट धरून हसलो. फोनवर ती हसली की नाही कळलं नाही, आवाज तुटत होता.

८ मार्च, रविवार

लाकूड मिळालं. एका जुन्या इमारतीचे सागवानी दरवाजे आमच्या कारखान्यात पडून होते, मालकानं घेऊन जा म्हटलं. साठ-सत्तर वर्षांचं लाकूड, आता ते वाकणार नाही आणि फुगणारही नाही. हल्ली भुसा दाबून केलेल्या फळ्यांना लोक फर्निचर म्हणतात. त्यात स्क्रू मारला तर दोन वर्षांत उपटून हातात येतो. माझ्या हातून तसलं काम होणार नाही.

कागदावर आखलं. लांबी चार फूट, खोली दोन फूट. वरची फळी सलग. खाली कप्पा, पुढे दार. दार उघडलं की पाय आत घालून काम करता येईल.

आखताना वडील आठवले. तेही सुतारच. त्यांचा कामाचा भलामोठा बाक होता, आणि मी त्याखाली लाकडाच्या सालपटांत लपायचो. त्यांना राग आला की आधी पट्टी आपटायचे. तो आवाज आला की मी बाकाखाली. मग ते वाकायचे, माझा पाय धरायचे आणि गाजर उपटावं तसं बाहेर ओढायचे. एकदा मी बाकाचा पायच धरून ठेवलेला, तर मला बाकासकट ओढलं! आई सांगायची आणि सगळे हसायचे. पाठीवरचे वळ आठवडाभर राहायचे. पण हाताला वळण लागलं ते त्यांच्यामुळेच, हेही तितकंच खरं.

९ मार्च, सोमवार

लिहायला सांगितलंय म्हणून लिहितो.

जेवणाच्या सुट्टीत पॉलिशवाला माझा कागद बघून म्हणाला, "बायको परत यावी म्हणून टेबल? आधी स्वतःचे हात शिकंज्यात आवळून घे." चार जण हसले. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. त्याची मान माझ्या हातात होती. त्याचं तोंड मी बाकावर आपटलं, एकदा नाही, दोन-तीनदा. भुशात रक्त पडलं की लगेच गोळा होतं, हे आज पाहिलं. त्याचा पुढचा दात तिथंच सापडला.

पेन खिशात होतं. उचलायला सवड झाली नाही.

मालक म्हणाले, पुन्हा असं झालं तर पेटी उचलायची आणि चालू पडायचं. मी माफी मागितली. पॉलिशवाल्यानं मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. चेष्टा करायची तर सोसायचीही तयारी हवी.

१२ मार्च, गुरुवार

आज बैठक. दाताचं सांगितलं. बाईंनी विचारलं, हसणारे चार जण नसते तरी मारलं असतंत का? मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, घरी तर हसणारं कुणी नव्हतं.

शेवटी विषय बदलावा म्हणून टेबलाचा कागद काढून दाखवला. त्यांनी तो खूप वेळ पाहिला. "हे दार तुमच्या मुलीनं मागितलं?" मी हो म्हटलं. "आणि दाराला काय लावणार?" मी म्हटलं, लोहचुंबकाचा खटका, लहान मुलांना सोपा पडतो. त्या म्हणाल्या, "तिला विचारा. आणि ती जे सांगेल ते भक्कम लावा."

बाईंना कामातलं कळतं. पहिल्यांदाच त्यांच्याशी सूर जुळल्यासारखा वाटला.

१४ मार्च, शनिवार

आल्या! दोघी आल्या. मेहुणा सोडायला आला होता. दाराबाहेरच उभा राहून म्हणाला, "दाजी, आमचीही जागा लहान, आमच्या हिची कुरकुर चाललेली. संसार तुमचाच आहे, सांभाळून घ्या." म्हणजे हिला आपण होऊनच शहाणपण सुचलं म्हणायचं. बाहेर चार दिवस राहिलं की घराची किंमत कळते.

हिचं प्लॅस्टर निघालंय, पण मनगट पुरतं वळत नाही. पिळायचे कपडे तसेच दोरीवर टाकते, खाली पाण्याचं तळं. मी काही बोललो नाही. हे मुद्दाम लिहितोय.

मुंगी उंच झालीय. माझ्याजवळ आली, मान खाली घालून उभी राहिली. मी डोक्यावर हात ठेवला तर डोळे मिटले. मी हिच्यासाठी काय वाट्टेल ते करीन.

१५ मार्च, रविवार

मुंगीच्या खोलीत जमिनीवर खडूनं टेबलाची आखणी केली. मुंगी चौकोनात जाऊन बसली, गुडघे पोटाशी घेऊन. मग हाक मारली, "आई, ये." ही मुकाट्यानं जाऊन तिच्याशेजारी बसली. हिचा खांदा रेषेच्या बाहेर आला. मुंगी म्हणाली, "बाबा, अजून अर्धा फूट. आणि उंची पण वाढवा, आईचं डोकं लागेल."

"टेबलावर काम तू करणार की आई?"

"मी मोठी होईन ना."

खरंच की. साडेचार फूट केलं. उंचीही चार इंच वाढवली. तोवर उंच स्टुलावर बसेल.

मग दाराचं विचारलं. चुंबकाचा खटका दाखवला. तिनं उघडून पाहिला, लावून पाहिला. "हे ओढलं की उघडतं."

"अगं, तेच त्याचं काम."

"मला कडी पाहिजे. आतून."

आमच्या घरात कड्या नाहीत. वर्षापूर्वी ही एकदा न्हाणीघरात दोन तास कोंडून बसली, तेव्हा मीच सगळ्या खोल्यांच्या कड्या काढून टाकल्या. घरच्या माणसांत कड्या कशाला? म्हणून जरा डोक्यात गेलं. पण बाईंचं आठवलं, ती सांगेल ते लावा. भातुकलीच्या घराला एक कडी असली म्हणून काय बिघडतं? हो म्हटलं. मुंगीनं हिच्याकडे पाहिलं. ही जमिनीवरचा खडू पुसत होती.

१९ मार्च, गुरुवार

सांगाडा उभा राहिला. खिळा एक नाही, सगळे सांधे कुसू आणि खोबणीचे, एकाचं टोक दुसऱ्याच्या पोटात. मागची आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या चौकटीत बसवल्या. मुलं टेबलावर चढून नाचतात, उलटू नये म्हणून भिंतीलाही चार ठिकाणी धरलं. आता हत्ती आला तरी हलणार नाही.

पण आजचा दिवस वाईट. मी सहा वाजता आलो तर ही फोनवर बोलत होती, मला पाहून फोन ठेवला. कोण होतं? "केंद्रातून." माझ्याबद्दल काय बोलत होतीस? "काही नाही, अहो." काही नाही! मी सरसाचा डबा भिंतीवर मारला. तो ताटांवर पडला, तीन फुटली. मग हिला एक दिली. कानाखाली. एकच. ही ओट्यावर आपटली आणि चांगला हात पोटाशी धरून खाली बसली. मोडलेल्या मनगटाचा हात तिनं वर केला होता, तोंडापुढं. तो पाहून मी थांबलो. हे मोजायला हवं, की मी थांबलो.

मुंगी दिसेना. खोलीत गेलो तर सांगाड्याच्या आत, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कानांवर हात. मी हाक मारली, बाहेर ये गं, झालं सगळं. येईना. मग मीच वाकलो आणि पाय धरून बाहेर काढलं. प्रेमानंच. नखांनी जमीन खरवडत आली, तर मीच हसलो की मांजर आहेस का. जवळ घेतलं. लाकडासारखी ताठ.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बाबा, दार कधी लावणार?"

म्हणजे राग धरलेला नाही. टेबलाचीच काळजी तिला. रविवारी नक्की, असं कबूल केलं.

२२ मार्च, रविवार

दार बसलं. आयुष्यात इतकं नेमकं दार मी कुठल्या बंगल्यालाही केलेलं नाही. चारी बाजूंनी खाच घेतली, दार खाचेत मिटतं, मुलीची बोटं चिमटायला फट म्हणून ठेवली नाही. पटाशीचं पातंही शिरणार नाही. बिजागऱ्या आतल्या बाजूला. बाहेर पिना दिसल्या की मला घरासमोर अंतर्वस्त्रं वाळत घातल्यासारखं वाटतं.

कडी पितळेची, वीतभर लांब. तीही स्क्रूनं नाही. आरपार चार बोल्ट घातले. त्यांची डोकी बाहेरून फळीत खोल बसवली, वरून पुट्टी भरली, रंग दिला की कुठं आहेत ते मलाही सापडायचं नाही. नट आतून आवळले. मुंगीनं हवेला भोकं मागितली म्हणून दारात वरच्या बाजूला नऊ भोकं पाडली, फुलासारखी.

मग आम्ही गंमत केली. मुंगी आणि ही आत गेल्या, कडी लावली. मुंगी आतून ओरडली, "बाबा, उघडा!" मी ओढलं. नाही उघडलं. "अजून जोरात!" दोन्ही हातांनी ओढलं. "आता लाथ मारा!"

"अगं वेडे, नवं काम आहे."

"मारा ना. खरी खरी मारा."

मी मारली. दार ढिम्म. मी हसत सुटलो, म्हटलं पाहिलंस बापाचं काम! पुन्हा मारली, खांदा लावला. आतून मुंगी मोजत होती, मोठ्यानं, शंभरपर्यंत. मग कडी निघाली. मुंगीचे गाल लाल झालेले, किती दिवसांनी असं पाहिलं. ही मागून बाहेर आली. हिच्या कपाळावर घाम होता. आत उकडतं म्हणाली.

हिच्या गालावरचा गुरुवारचा डाग आता पिवळा पडतोय.

२४ मार्च, मंगळवार

हिनं आपण होऊन काही मागितलं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "अहो, आत विजेचं बटण आणि प्लग बसवाल का? दिवा लावायला. मोबाईलपण चार्ज होईल." मी म्हटलं, आता आत पंखा, पलंगही मांडू का? पण आनंद झाला. तासाभरात बसवून दिलं. फोन आत धरून पाहिला, आवाज स्वच्छ येतो.

रंगाचा मात्र विरस. मी पिवळा आणला होता, सूर्यफुलासारखा. मुंगी म्हणाली, भिंतीसारखा पाहिजे. भिंत फिकट राखी. मी म्हटलं, अगं दिसणारच नाही मग! ती म्हणाली, "म्हणूनच."

इतकं राबून केलेलं काम भिंतीत लपवायचं. पण हट्ट तिचा, टेबल तिचं. पिवळा परत केला.

२९ मार्च, रविवार

आजचा दिवस जपून ठेवावा असा.

खिडक्या उघड्या टाकल्या. मुंगीच्या हातात पॉलिश पेपर दिला आणि दाखवलं, रेषेच्या दिशेनं घासायचं, आडवं नाही, लाकडालाही कुणी अंगावर आलेलं आवडत नाही. ती म्हणाली, "लाकडाला दुखतं?" मी म्हटलं, लाकडाला नाही, सुताराला दुखतं. त्यावर ती खरंच हसली. सकाळी अस्तराचा हात, दुपारी रंगाचा पहिला, ऊन उतरताना दुसरा. माझा रोलर, तिचा ब्रश. तिच्या नाकावर राखी ठिपका. मी तो पुसायला हात पुढं केला, ती झटकन मागं सरली, मग म्हणाली, "सॉरी बाबा."

सॉरी कशाला? रंग ओला होता, मागं सरली.

वाळल्यावर तिनं उरलेले छोटे रंग घेतले आणि आत शिरली. आतलं छत रंगवायचंय, तुम्ही बघायचं नाही. बरं, नाही बघत. ही दाराशी बसून तिला दिवा धरत होती. मी चहा केला, तिघांसाठी. मी! बाईंना हे सांगायचं.

३ एप्रिल, शुक्रवार

काम गेलं.

पॉलिशवाल्यानं दाताची तक्रार केली, रीतसर, कागदपत्रांसकट. मालक म्हणाले, माझा नाइलाज आहे. बावीस वर्षं. पेटी सोमवारी घेऊन जा म्हणाले, आज नको, माणसं तापलेली आहेत. लहान हातोडा आणि एक पटाशी टेबलाच्या कामासाठी घरी आणलेली, बाकी सगळं तिकडं.

घरी सांगितलं नाही. काय सांगू? सकाळी डबा घेऊन निघायचं आणि बागेत बसायचं, असं ठरवलंय.

५ एप्रिल, रविवार

दुपारचे तीन वाजायला आलेत. मुंगीच्या खोलीत जमिनीवर बसलोय. पेन उचललंय. उशीर झालाय, पण उचललंय.

जसंच्या तसं.

जेवण झालं. ही ताटं उचलताना म्हणाली, "मालकांच्या बायकोचा फोन आला होता. काम सुटलं का?" एवढंच. आवाज वर नाही, खाली नाही. पण हिला दोन दिवस माहीत होतं आणि तरी काल मला डबा भरून दिला. झाकणही नीट लावून दिलं होतं हिनं. मला ते झाकण दिसलं डोळ्यांपुढं आणि सगळं लाल झालं.

ताट मी फेकलं. जेवणाचं टेबल उलटं केलं. खुर्ची उचलून शोकेसवर मारली, काच हिच्या अंगावर आली. हिच्या दंडातून रक्त आलं. हिचं ओरडणं नाही, रडणं नाही. फक्त हाक मारली, "मुंगी, चल." जशी शाळेला निघताना मारते. दोघी आत पळाल्या. मी हातोडा घेतला. कशासाठी घेतला ते लिहायला हवं. मारायला घेतला.

खोलीचं दार लोटलं तर उघडलं, कडी नाहीच. खोली रिकामी. क्षणभर मला टेबल दिसलंच नाही, भिंतच वाटली. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

ओढलं. लाथा मारल्या. हातोडा घातला, किती वेळा ते माहीत नाही. रंग उडाला, सागवानाला खड्डे पडले, फळी फुटली नाही. पटाशी आणून फटीत घालायला गेलो. फट नाही. बोल्ट शोधले. सापडले नाहीत. टेबलच उपटायला गेलो, भिंतीतून इंचभर हललं नाही. नख मुळापासून निघालं माझं. शिव्या दिल्या. म्हटलं बाहेर ये, तुझा जीव घेतो. हे वाक्य मी नऊ भोकांना तोंड लावून म्हटलं. एका भोकात डोळा होता. माझ्याच लेकीचा.

आतून ही बोलत होती. हळू, स्वच्छ, आधी पत्ता, मग मजला. आणि मुंगी मोजत होती. चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर, शहात्तर.

मग मी खाली बसलो.

आता ती दोनशेच्या पुढं गेलीय. आवाज कापतोय तिचा, पण आकडा चुकत नाही. मी म्हटलं, मुंगी, बाबा दमला, ये बाहेर. ती क्षणभर थांबली आणि मग पुन्हा मोजू लागली. जिन्यात बुटांचे आवाज येतायत. हातोडा मी खिडकीखाली सरकवून ठेवलाय, हाताला लागणार नाही असा.

१४ एप्रिल, मंगळवार

आठ दिवस आत होतो. कालच जामिनावर सुटलो. घरात राहायला मनाई, पोलिसांसमक्ष कपडे आणि सामान घेऊन निघायचं आहे. एक हवालदार जिन्यात उभा आहे. मेहुणाही आलाय, दोघींचं सामान न्यायला. त्यानं ह्या वेळी हिला परत धाडलेलं नाही. दंडाला अकरा टाके पडलेत असं तो म्हणाला, आणि माझ्याशी बोलताना दाजी म्हणाला नाही.

त्याच्याकडे मुंगीच्या अक्षरातली यादी होती. गणवेश. वह्या. कात्री. रंगीत कागद. आईचा राखी स्वेटर. आणि शेवटी, कडी.

मी म्हटलं, टेबल घेऊन जा. मी सोडवून देतो, सांधे मोकळे करतो. तो म्हणाला, "टेबल नको म्हणाली ती. कडी तेवढी मागितलीय. तिकडच्या खोलीला लावायचीय."

कडी बाहेरून निघत नाही. मीच तशी केलीय. आत शिरलो, दार हलू नये म्हणून ओढून घेतलं. गुडघे हनुवटीला लावावे लागले, माझ्यासारख्या माणसाला ती जागा नाही. नट सोडवायला दिवा लावला, तेव्हा छत दिसलं.

मला वाटलं होतं, चांदण्या, ढग असं काहीतरी असेल. चांदण्या होत्याही, कडेकडेनं. मधे केंद्रातल्या बाईंचा नंबर, एवढ्या मोठ्या आकड्यांत, एकेक आकडा वेगळ्या रंगाचा. त्याच्याखाली पोलिसांचा. त्याच्याखाली लिहिलेलं:

आई, हळू बोल.
आधी पत्ता सांग.
रडू नको, मी मोजते.

मेहुण्यानं दोनदा हाक मारली. त्या जागेत बसलं की बाहेरचा माणूस भोकांतून कंबरेपासून खालीच दिसतो. त्याचे बूट दिसत होते, आणि ते जवळ आले तेव्हा मी पाय पोटाशी ओढून घेतले. चाळीस वर्षांनी. मला वाटलं होतं, अंग ते विसरलं असेल.

माझ्या वडिलांच्या बाकाला दार नव्हतं. असतं, तर मीही हेच मागितलं असतं.

चारही नट सोडवले, बोल्ट ठोकून काढले, पितळ रुमालानं पुसलं. कागदात गुंडाळून मेहुण्याच्या हातात दिलं. तो निघाला. मग मी त्याला थांबवलं, कानावरची पेन्सिल काढली आणि कागदावर लिहून दिलं: स्क्रू लावू नका, उपटतात. आरपार बोल्ट घाला, नट आतून.